भैरवीचा थांबा

पहिल्या दिवशी मी खरंच चुकून सात नंबरच्या बसमध्ये चढले होते. हिंगण्याच्या कंपनीत नवीन, सुटल्यावर गेटवर ही गर्दी... शेजारी कॉम्प्युटर सेक्शनचा उन्मेष. त्यानं बॅग उचलून मला खिडकी दिली आणि कुठे जायचं विचारलं. महाल भागात, मी म्हणाले.

“महालची बस चार नंबर आहे,” तो हसला.

मला उतरायला हवं होतं. उतरले नाही.

पुढच्या आठवड्यात त्यानं पीएचपीत कोड लिहून कंपनीच्या बसचं वेबपेज बनवलं. शिफ्ट, थांबा, वार भरा, बस नंबर घ्या. राहते मी महालात, पण थांबा लिहिला त्रिमूर्तीनगर, कारण सात नंबरमध्ये तो तिथून चढतो! मग रोज सकाळी महालातून तिथवर ऑटोनं. हे प्रेम की येडेपणा, मलाच कळेना.

तीन आठवड्यांनी कंपनीच्या बसचं काम बघणाऱ्या प्रीतमभाऊंनी माझा घरचा पत्ता पाहिला आणि उन्मेषला झापलं. जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले, तर तो डोकं धरून बसलेला.

“महालची पोरगी सात नंबरात कशी, प्रीतमभाऊ म्हणते. आज चूक सापडली नाही तर पेज बंद. माही नोकरी पक्की व्हायची राहिली वं...”

“डेटाबेसले बस विचारते, त्या क्वेरीत गडबड असन?” माझा आवाज भलताच बारीक आला.

“फॉर्मात भरलेल्या व्हॅल्यू मी क्वेरीत जोडतच नाही. त्यांच्या जागी तीन प्रश्नचिन्हं ठेवतो, व्हॅल्यू वेगळ्या पाठवतो, त्याच क्रमानं. कोणी फॉर्मात उलटीसुलटी कमांड टाकली, तरी डेटाबेस तिले थांब्याचं नावच समजते.”

“मग क्रम चुकला असन...”

“तर सगळेच भलत्या बसमध्ये गेले असते. तू एकटीच काहून, भैरवी?”

माझ्याकडे उत्तर होतं. पण सांगितलं तर त्याच्या शेजारची जागा गेली — आणि नाही सांगितलं तर?

“जाऊ दे, सगळं पुसून नव्यानं लिहितो.” त्याचं बोट कीबोर्डवर गेलं.

“नको गा!” मी त्याचा हातच धरला. “क्वेरी बरोबर आहे. थांबा मी खोटा लिहिला.”

“काहून?”

“तू तिथून चढतो म्हणून... मले तू आवडतो.”

त्याचे कान लाल झाले. मोकळ्या हातानं फोन उचलून त्यानं प्रीतमभाऊंना सांगितलं, कोड बरोबर आहे, एक थांबा चुकीचा भरला होता, बदलतो.

त्याच हातानं त्यानं माझा थांबा महाल केला. मग स्वतःचा फॉर्म उघडला, आणि तिथेही... महाल. बस नंबर आला चार.

“अरे, तू तर त्रिमूर्तीनगरचा!”

“सोमवारपासून महालात ऑटोनं मी येतो,” माझ्याकडे न बघताच तो म्हणाला. “जागा धरून ठेवशील ना वं?”

मी काय बोलले, देव जाणे. त्याचा हात मात्र अजून माझ्याच हातात होता.