सत्यवानाची प्रश्नावली

तळेऱ्याच्या तिठ्यावर देवगडची एस.टी. यायला अवकाश होता, म्हणून सुगंधा महादूच्या हॉटेलात चहा घेऊन बसली. बसली होती ती रागावूनच. कोल्हापूरला मामानं तिला ‘दाखवायला’ नेलं होतं. मुलानं पाठ करून आल्यासारखे प्रश्न विचारले — स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, भरतकाम येतं का — आणि हिनंही पाठ केल्यासारखी उत्तरं दिली. तिकडून लगेच होकार आला. नकार दिला तो सुगंधानं. असल्या उत्तरांवर जो माणूस भुलतो, त्याला खरं काय ते कधी कळायचं, असं मामाला तोंडावर सांगून तिनं परतीची गाडी धरली. पोरीचं कठीण आहे, असं मामा म्हणाला. आपणही तेच म्हटलं असतं म्हणा, पण तळेऱ्याला पुढच्या बाकावर कोण बसलं होतं ते मामाला कुठे माहीत?

एक उंच, सावळा तरुण बसला होता. मांडीवर छापील कागदांचा गठ्ठा, कानावर पेन्सिल, आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखा भाव.

“नवऱ्याला तुमच्याकडे काय म्हणतात?” त्यानं महादूला विचारलं.

महादूनं ओले हात पुसले, डोक्यावरची टोपी सारखी केली. “पती, साहेब.”

“आणि मुलीला?”

“कन्या.”

तरुणानं दोन्ही शब्द मन लावून लिहिले. महादू आत वळला आणि ओरडला, “गो, वायच दूध हाड! आणि त्या चेडवाक आधी चुलीकडसून उचल!”

आतून तेवढ्याच जोरात उत्तर आलं, “माका दोनच हात आसत! घोव माझो थंय गजाली मारीत बसलो आसा, आणि मी एकट्यान काय काय करू?”

सुगंधाला असा ठसका लागला की चहा बशीत कमी आणि पदरावर जास्त सांडला.

“काही... चुकलं का माझं?” तरुणानं विचारलं.

“छे! अक्षर फार सुंदर आहे तुमचं,” ती म्हणाली. “पण ‘कन्या’ इथे फक्त लग्नपत्रिकेत असते. घरात असतं ते चेडू. आणि पती तर गावात एकही नाही. सगळे घोव आहेत. आत्ता तुमच्या कानावरून दोन्ही शब्द गेले.”

तो पुण्याच्या एका संस्थेतून आला होता. महाराष्ट्र नुकताच एक झाला होता, आणि कुठल्या मुलुखात काय बोलतात, याची पाहणी चालली होती. “आम्हांला नियम आहे,” तो म्हणाला, “विचारल्यावर जे उत्तर येईल तेवढंच लिहायचं.”

“नाव काय तुमचं?”

“सत्यवान वानखडे.”

“नाव सत्यवान, आणि माहिती गोळा करता खोटी!”

तो कानापर्यंत लाल झाला. आता हा नियमाचं पुराण लावणार, असं सुगंधाला वाटलं. चूक दाखवली की पुरुषमाणूस आधी कारणं सांगतो, हे तिनं शाळेत आणि घरात पुष्कळ पाहिलं होतं. पण ह्यानं दोन्ही शब्दांवर शांतपणे काट मारली आणि म्हणाला, “बरोबर आहे तुमचं. आत ती बाई काय म्हणाली, ते पुन्हा सांगाल?”

तिथेच, अगदी तिथेच तो तिला आवडला. हे तिनं पुढे बरेच दिवस कबूल केलं नाही, ते सोडा.

योगायोग बघा, त्यालाही कुणकेश्वरालाच जायचं होतं, आणि सुगंधा तिथल्याच शाळेत मास्तरीण. संस्थेचं पत्र वाचून मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं, “बाई, शाळा सुटल्यावर ह्यांना गावात फिरवा.” सुगंधाचे वडील मुंबईला गोदीत. घरात शब्द चालायचा तो आत्याचा, काशीबाईचा. काशीबाईनं पाहुण्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाली, “घाटावरचो दिसता. पण डोळे बरे आसत.”

काम सुरू झालं ते भांडणानं. किनाऱ्यावर बांगडे वाळत घालणारी हौसाबाई सत्यवानाच्या कागदाला ‘माता’, ‘भोजन’, ‘विवाह’ अशी उत्तरं देत होती. तो जरा बाजूला झाला, की तिच्याच तोंडून ‘आवस’ निघे, ‘जेवान’ निघे, ‘लगीन’ निघे, आणि कावळ्यांसाठी तर असं काही निघे की सुगंधा त्याच्याकडे बघायचंच टाळी.

“बघा,” सुगंधा म्हणाली, “कागद पुढे केला की बाई कचेरीत जाऊन बसते. विचारूच नका. नुसते बसा, ऐका.”

त्यानं ऐकलं. शाळेमागच्या सुरूच्या सावलीत, जाळी विणणाऱ्यांच्या मागे, विहिरीच्या वाटेवर तो गप्प बसून राही. आठवडा गेला आणि एका संध्याकाळी वाळूवर बसता बसता तो म्हणाला, “तुमच्या पद्धतीतही खोट आहे, बाई.”

“माझ्या?”

“आठवडाभर कान लावून बसलो. ‘जावई’ हा शब्द कुणी उच्चारलासुद्धा नाही. पुढच्या मुक्कामी, रेडी बंदरात तो मिळाला, तर मी ताडून कशाशी बघू? प्रश्नावली खोटं सांगते, कबूल, पण सगळ्या गावांना तेच विचारते. नुसतं ऐकणं खरं सांगतं, पण जे हवं ते सांगेलच असं नाही.”

सुगंधाला हे सुचलंच नव्हतं. आपण फार शहाण्या, असं तिला आठवडाभर वाटत होतं. “जावई हवा असेल तर गावात लग्न निघायची वाट बघा,” ती हार मानायला तयार नव्हती.

“किती थांबावं लागेल?” त्यानं विचारलं. विचारलं ते तिच्याकडे बघून.

वाऱ्यानं पदर उडाला नव्हता, तरी तिनं तो उगाच सारखा केला. “ते... कसं सांगू मी?”

शेवटी तोडगा दोघांनी मिळून काढला. आधी चार दिवस ऐकायचं. मग जे ऐकलं त्यावरून विचारायचं. आणि विचारायचं ते एकटीला नाही, दोघींना एकत्र बसवून. एकटी बाई साहेबाला उत्तर देते. दोघी असल्या, की एकमेकींना देतात. एकीनं ‘भोजन’ म्हटलं की दुसरी फस्सकन हसे आणि खरा शब्द आपणहून बाहेर पडे. उशीर लागायचा, पण माल पक्का मिळायचा.

एक गोष्ट मात्र सत्यवानानं आपल्या मनानं केली. तो हौसाबाईकडे गेला आणि सरळ म्हणाला, “तुम्ही मैत्रिणींशी बोलत होता, ते मी मागे बसून लिहून घेतलं. तुम्हांला न सांगता. नको असेल तर आत्ता फाडतो.”

हौसाबाईनं कमरेवर हात ठेवले.

“गाळी पण लिवलंस काय रे?”

“लिहिल्या.”

“मगे बरोबर लिव. नायतर लोक म्हणतले, हौसाबायक गाळी घालूक येनत नाय!”

त्या दिवशी घरी येताना सुगंधा त्याचाच विचार करत होती. खोटं लिहिणं ह्याला नको, आणि खरं असलं तरी चोरलेलं नको. असा माणूस तिनं पाहिला नव्हता. पुण्याच्या संस्थेतल्या गुरुजींनाही त्यानं स्वच्छ कळवलं होतं, की आधीचे कागद रद्द समजावेत, चूक माझी आहे. असल्या माणसाचं कौतुक करावं तेवढं थोडं, आणि सुगंधा ते मनातल्या मनात भरपूर करत होती.

पण एक काटा होता. दुसऱ्यांची बोली जिवापाड जपणारा हा माणूस स्वतः मात्र पुस्तक वाचल्यासारखा बोले. अकोल्याकडचा होता. “तुमच्याकडे कसं बोलतात हो?” असं तिनं एकदा विचारलं, तर तो दुसरीकडे बघत म्हणाला, “आमचं अशुद्ध असतं. पुण्यात पहिल्या वर्षी सगळा वर्ग हसला होता. तेव्हापासून... जाऊ द्या.”

तिला वाईट वाटलं. आणि मग लक्षात आलं, की त्याच्यासमोर आपणही कधी घरचा शब्द काढत नाही. दोघंही एकमेकांपुढे कचेरीत बसल्यासारखे! मग ह्याच्या मनात आपण कोण? मदतनीस, की पाहणीतला आणखी एक नमुना? हे कळल्याशिवाय तिला चैन पडेना, आणि विचारून कळण्यातलं ते नव्हतं.

मधे तो रेडीला गेला. बंदरावर, खनिजाच्या बोटी भरणाऱ्यांत बरेच दिवस राहिला. इकडे आंब्याला मोहोर आला होता, वाऱ्यावर त्याचा वास घरभर फिरत होता, आणि सुगंधाला करमेना, काही म्हणजे काही गोड लागत नव्हतं. ताटात पेज निवून गेलेली पाहून काशीबाईनं विचारलं, “काय झाला गो तुका?”

“काय नाय, आत्ये. माका गमणा नाय.”

काशीबाई यावर नुसती हसली.

रेडीहून तो परत आला तो निरोप घ्यायलाच. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं पुणं गाठायचं होतं. संध्याकाळी देवळामागच्या खडकांवर लाटा फुटत होत्या. तो तिच्यासमोर उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, “सुगंधाबाई, आपला स्वभाव, शिक्षण आणि... आणि विचार मला अनुरूप वाटतात. मी आपल्याशी विवाह करू इच्छितो. आपली संमती असल्यास कळवावे.”

किती दिवस ज्याची वाट पाहिली ते हेच, आणि हे असं! सुगंधाच्या डोळ्यांत पाणी आलं. कोल्हापूरचा मुलगा निदान प्रश्न तरी विचारत होता.

“विचार करून कळवीन,” ती शुद्ध मराठीत म्हणाली.

“म्हणजे... नकार?”

“म्हणजे तुमच्या छापील प्रश्नाला छापील उत्तर. त्यावर विश्वास ठेवू नये, हे तुम्हीच शिकलात ना?”

“मग मी कसं विचारू?” त्याचा आवाज पडला होता.

“विचारूच नका,” ती म्हणाली आणि मागं न बघता घरी आली. वाटभर मात्र तो हाक मारील म्हणून पावलं अडखळत होती.

सकाळी ती आत नारळ खवत बसली होती. घरापुढच्या खळ्यात पावलं वाजली. तिनं ओळखली, पण उठली नाही. काशीबाई पायरीवर तांदूळ निवडत होती.

“जातंस मगे?” काशीबाईनं विचारलं.

“जातो, आत्याबाई. नमस्कार करायला आलो.”

“आणि तोंड असा कित्या, कोणी मेल्यासारख्या? बस. काय झाला ता माका सांग.”

काशीबाईनं ह्या शब्दांत विचारलं आणि वर त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याला घरची आठवण झाली असेल, आईची झाली असेल, कोण जाणे. पायरीवर बसल्याचा आवाज आला. मग एक आवाज आला... तो सत्यवानाचा होता आणि नव्हताही.

“काय सांगू, आत्याबाई? मले कायी बोलताच नाही आलं काल. मनात येक होतं, तोंडातून भलतंच निंगालं. तिकडे रेडीले होतो, तवाबी तेच. रोज समुद्र पाहो, अन् रोज तिचीच याद ये. तिच्याबिगर मले गमत नाही वो!”

आत सुगंधाच्या हातातली नारळाची कवड तशीच राहिली. वऱ्हाड कुठे, कुणकेश्वर कुठे, आणि ‘गमणं’ दोन्हीकडे तेच! पुण्याच्या कुठल्याही कागदावर नसलेला तिच्या घरचा शब्द हा माणूस आपल्या घरून घेऊन आला होता. तिला रडूही आलं आणि हसूही.

काशीबाईला बाकीचं कळलं की नाही, कोण जाणे. तेवढा शब्द मात्र नेमका कळला. ती आत तोंड करून मोठ्यानं ओरडली, “गो सुगंधा! आयकलंस? ह्याकापण गमणा नाय म्हणता गो!”

सत्यवानानं मान वर केली. काही झालं तरी पाहणीवर निघालेला माणूस. एवढासा शब्द त्याच्या कानातून सुटला नाही.

“पण?” त्यानं हळूच विचारलं. “आत्याबाई... ह्याकापण म्हणजे? आणखी कोणाले?”

काशीबाईनं सूप उचललं. “त्येका दोन तोंडां व्हयी. दोघां बसा आता एकत्र, आणि इचारा,” असं म्हणून ती मागच्या दारानं गेली.

सुगंधा बाहेर आली. हाताला खोबरं, गालावर पाणी, आणि एवढा राग की विचारू नका. त्याच्यासमोर उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी घरच्या तोंडानं बोलली —

“मेल्या, ह्यां काल सांगूक काय झाला होता तुका?”

तो उठायला गेला. अर्धवट उठला, पुन्हा बसला. ती ‘तू’ म्हणाली होती. ‘मेल्या’ म्हणाली होती. असा होकार कुठल्या शास्त्रात मोजतात, ते त्याला ठाऊक नव्हतं, पण चेहरा असा उजळला होता की सुगंधालाच लाज वाटली आणि तिनं नजर खाली घेतली.

“तुले... तुलेबी गमत नवतं?”

“नाय.”

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. दोघांमध्ये काशीबाईनं निवडून ठेवलेल्या तांदळांची जागा तेवढी होती, तीही हळूहळू कमी झाली. मग सुगंधानं एक प्रश्न विचारला.

“अकोल्याक समुद्र नाय. मगे सांजचो तू खंय जातंस रे?”

“कुठीच नाही,” तो म्हणाला. “आता जाऊ दोघं.”