चाळीस वेळा जागरेषेखाली

सलग चाळीस वेळा आकडा जागरेषेखाली आला, की रोग्याला जगवणारं यंत्र बंद. कायदाच होता तसा, आणि त्यामागचं गणित डॉ. अनघा रिसबूड यांचं होतं.

जागरेषा म्हणजे मेंदूच्या हालचालीची अशी पातळी, जिच्या वर माणूस बाहेरून बेशुद्ध दिसला तरी आतून जागा असतो. मापनाचा ताण मेंदूला वारंवार सोसत नाही, म्हणून ते सहा तासांतून एकदाच. मधे काय घडतं ते कुणालाच दिसत नाही.

"मग मधीच ती वर यून गेली आसंल तर?" अण्णाप्पा गाट यांनी विचारलं. हुपरीचा हा पैंजणांचा कारागीर दहा दिवस बायकोच्या, पद्माच्या, खाटेपासून हलला नव्हता.

"आकडा मनाला येईल तसा उड्या मारत नाही, अण्णा," डॉ. रिसबूड म्हणाल्या. "आत्ताचा आकडा मघाच्या आकड्याचा हात धरून चालतो. एकदा वर गेला की तास-दीड तास रेंगाळतोच. आणि वर जाणारा आकडा पुन्हा पुन्हा जातो; चाळीस मापनांत एकदा तरी सापडला असता. चाळीसही वेळा हुकण्याची शक्यता दहा हजारांत एक."

अण्णाप्पांनी सही केली. पद्मा गेली.

महिन्याने ते डॉक्टरांच्या खोलीत आले. हातात एक पैंजण होतं.

"तुमच्या पोरीला आणलंय. ह्येच वाजवत बसायचो पद्माच्या कानाशी. घुंगरं तीच जोडायची न्हवं! पापणी हालल्यागत वाटायची. पर मापायच्या आदी दोन तास हात लावत न्हवतो हां!"

"का?" डॉक्टरांचा आवाज बदलला.

"आता काय सांगायचं! चांदी तोलताना आमी पंखा बंद करतो, श्वाससुद्धा दाबून धरतो. काटा हालला की वजन खोटं. येवढ्याशा तागडीला येवढं, मग तुमच्या मशिनला दोन तास तरी नकोत?"

मापनाच्या वेळेचा रोग्याच्या अवस्थेशी काही संबंध नाही, हेच तर डॉक्टरांच्या गणिताचं पहिलं वाक्य होतं! कसलं दहा हजारांत एक! घुंगरू वाजलं की बाई वर येत असणार, ऐकत असणार. मग आवाज थांबायचा, ती हळूहळू बुडायची, आणि नेमकं तेव्हाच मापनाचं यंत्र लागायचं. चाळीसच्या चाळीस वेळा.

"मॅडम, तिला ऐकू येत न्हवतं न्हवं?"

डॉक्टरांनी नजर टेबलावरच्या कागदांकडे वळवली.

"वार्डात समद्यांना मीच शिकवलं," अण्णाप्पा अभिमानाने म्हणाले. "आता मापायच्या आदी दोन तास सगळी चिडीचूप बसत्यात."

पद्मा गेल्यापासून त्या वॉर्डातली सहा यंत्रं बंद झाली होती. सहाही कागदांवर डॉक्टरांची सही होती.

भिंतीवरच्या घड्याळात दोनला दहा मिनिटं कमी होती. दोनचं मापन. बाहेर वॉर्डात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होती. खुर्ची मागे ढकलून डॉक्टर धावत सुटल्या.

"गप्प का बसलात? अहो, बोला त्यांच्याशी! हाका मारा!"

त्यांचं ओरडणं खोलीपर्यंत ऐकू येत होतं. अण्णाप्पांनी ते ऐकलं आणि हातातलं पैंजण घट्ट मुठीत धरलं, मापनाआधी जराही वाजू नये म्हणून.