मान डोलावणारा मुलगा

संध्याकाळ झाली की आईचा व्हिडिओ कॉल यायचा आणि लेकाच्या कपाळाला आठी पडायची. तो सिनेमांचं एडिटिंग करायचा. इकडे कामाचा डोंगर, तिकडे आईचं गुऱ्हाळ. कंबर, शेजारीण, नळाचं पाणी, पुन्हा कंबर.

शेवटी पठ्ठ्याने युक्ती लढवली. खुर्चीत बसून स्वतःलाच शूट केलं: मान डोलावताना, हसताना, मध्येच नाक खाजवताना. तुकडे असे जोडले की सांधा म्हणून दिसू नये. "आई, माझा माइक बिघडलाय, तू आपली बोलत राहा," असं सांगून ठेवलं. मग रोज कॉल आला की कॅमेऱ्याऐवजी तो व्हिडिओ लावायचा, आवाज बंद करायचा आणि खुशाल आपलं काम करायचा.

आईला पत्ताही नव्हता. उलट ती लेकीला कौतुकाने सांगायची, "तुझा दादा हल्ली किती शांतपणे ऐकतो गं!" हे कळल्यावर तो पोट धरून हसला होता.

आई बाथरूमच्या दारात घसरून पडली, तेव्हाही कॉल चालूच होता.

"दादा, फोन तिच्या हातातच होता," बहीण रडत म्हणाली. "तुला हाका मारल्या असतील रे तिने... तू काय करत होतास?"

काय करत होता? मान डोलावत होता. मध्येच हसतही होता.

आईचं क्रियाकर्म उरकून तो घरी परतला, त्याच संध्याकाळी लॅपटॉप वाजला. आईचा कॉल. तिचा फोन तर बहिणीने बंद करून कपाटात ठेवला होता. त्याने हात लावण्याआधीच कॉल उचलला गेला.

ओल्या फरशीवर गाल टेकून आई त्याच्याकडे बघत होती. कोपऱ्यातल्या चौकटीत त्याचा तो व्हिडिओ. पण आज व्हिडिओतला तो पुढे झुकला.

"फार लागलं का गं आई?"

आवाज हुबेहूब त्याचाच. फक्त त्यात माया होती.

"आता नाही रे राजा... तू बोललास ना."

त्याने लॅपटॉप दोन्ही हातांनी धरला. आईने एकदा, एकदाच आपल्याला माफ करावं, एवढंच त्याला हवं होतं.

"आई! अगं मी इकडे आहे! तो मी नाही... माफ कर गं मला!"

आईने डोळे बारीक केले. "कोण ओरडतंय रे तुझ्या मागे?"

चौकटीतल्या त्याने मान वळवून थेट त्याच्याकडे पाहिलं.

"कोणी नाही गं. तू बोल."

आई हसली आणि बोलू लागली. त्याने लॅपटॉप मिटला, वायर उपटली. आतल्या गप्पा थांबल्या नाहीत. अजूनही थांबलेल्या नाहीत.