मेलीदाचा कोमट पेला

"मुलगी फिटमधून शुद्धीवर आलीय. पण तिच्या आईला आत सोडत नाहीयेत," नर्सने फोनवर सांगितलं. डॉक्टर एडेलमिरा चामोरो नाश्ता तसाच टाकून इस्पितळात धावली.

पास्तो शहरातल्या या इस्पितळात ती आनुवंशिक चयापचयाच्या आजारांवर संशोधन करत होती. चार वर्षांची मेलीदा तिचीच पेशंट. पोरीच्या यकृताला साठवलेली साखर सोडता येत नव्हती. म्हणून झोपताना गार पाण्यात कालवलेलं कच्चं मक्याचं पीठ द्यायचं. ते सावकाश जिरतं, पहाटेपर्यंत पुरतं. शिजवलं की झटकन जिरतं आणि रात्रीतच रक्तातली साखर उतरते.

ऑफिसात बालकल्याण खात्याची बाई बसली होती. शेजारी सहकारी डॉक्टर ओस्वाल्दो एरासो. अराकाचाच्या कंदापासून त्याने नवं पीठ काढलं होतं, आणि ते परिषदेत मांडायच्या घाईत त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

"आईनेच पिठाचं औषध ओतून टाकलं," एरासो म्हणाला. "पेल्याच्या तळाला पांढरा कण नाही. हिचा थोरलाही असाच झोपेत गेला. गाव हिला काय म्हणतं, विचारा."

"दुपारी मुलीला आम्ही नेतोय," बाई म्हणाली.

एडेलमिराने पेला उचलला. काठाला पेजेवर धरते तशी साय वाळून चिकटली होती. तिने हुंगून पाहिलं. दालचिनी.

बाहेर बाकावर मेलीदाची आई नोहेमी लोकरीची रुआना शाल घट्ट लपेटून बसली होती.

"काल पेला कोणी आणला?"

"एरासो डॉक्टरांनी. स्वतः."

"गार होता?"

"कोमट. घरी मी गारच देते हो. पण म्हटलं, इस्पितळवाल्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत असेल."

"मेलीदाने प्यायला त्रास दिला?"

"छे! रोज तोंड वाकडं करते, काल चाटूनपुसून प्यायली. आणि डॉक्टर किती चांगले! रात्रभर येऊन बोट टोचून रक्त तपासत होते. देवमाणूस."

एडेलमिराच्या मस्तकात तिडीक गेली. ती तडक मुदपाकखान्यात शिरली.

"त्रान्सितोबाई, काल मुलांच्या वॉर्डसाठी काय शिजवलं?"

"कोलादा, पिठाची पेज. पीठ पुडीतून आलं होतं. नुसत्या पाण्यात उकळा, बाकी काही घालू नका, असा हुकूम."

"आणि तुम्ही दालचिनी घातलीत."

"मग? लेकराला बिनदालचिनीचा कोलादा द्यायचा? माझ्या आईने थडग्यातून उठून मला लाटण्याने बडवलं असतं!"

"हुकूम कोणाचा?"

"नाव नाही घेणार, बाई. माझ्या पोटावर पाय येईल."

"नका घेऊ. मला कळलं."

वाटेत वॉर्डात मेलीदाची बोटं पाहून तिने नोहेमीला हाताला धरून ऑफिसात आणलं.

"कच्चं पीठ ओतून टाकलं तरी तळाला पांढरा थर उरतो," ती म्हणाली. "पेला धुतला असता तर काठाला साय राहिली नसती. म्हणजे त्यात शिजवलेलं होतं. वॉर्डात चूल नाही, नोहेमी शिजवणार कुठे? शिजवूनही रात्रभर पुरेल असं पीठ एकाच माणसाकडे आहे. निदान तो तसं म्हणतो."

"एडेलमिरा, उगाच काहीतरी—"

"गप्प बस! मेलीदाची दहाही बोटं टोचलेली आहेत. आपल्या पद्धतीत रात्री एकदाच टोचतात. तू रात्रभर तिची साखर उतरताना बघत बसलास, ओस्वाल्दो. ग्लुकोजची बाटली हाताशी होती! तुला आलेख पुरा करायचा होता. पोरीला फिट आली तेव्हा तुझं पीठ हरलं, आणि ते झाकायला तू हिच्यावर खापर फोडलंस. गरीब आई, आधीच बदनाम. आयतीच सापडली!"

"हे पीठ लागू पडलं असतं तर हजारो मुलं..." एरासो पुटपुटला आणि थांबला. आपण काय कबूल केलं, ते त्याला उशिरा कळलं.

खात्याच्या बाईने फोन उचलून पोलिसांना बोलावलं.

नोहेमी मात्र एरासोकडे बघतही नव्हती.

"डॉक्टरीणबाई, हा आजार रक्तातून येतो ना? मग माझा थोरला... तोही यानेच गेला?"

"बहुतेक हो. तेव्हा कोणी तपासलंच नाही."

"सहा वर्षं," नोहेमी म्हणाली. "सहा वर्षं सासू मला पोरखाऊ म्हणते. आणि मलाही ते खरं वाटायला लागलं होतं."

नोहेमी उठली आणि कोणाला न विचारता वॉर्डाचं दार ढकलून आत लेकीकडे गेली.