खुर्चीखालची नावं

दार उघडलं तेव्हा डॅडींची खुर्ची पालथी होती. तिच्या चार पायांमधून एक अनोळखी माणूस वर्लीनकडे बघत होता.

"मिस वर्लीन ना? मी हॉलिस, नाटकवाल्यांचा सुतार. तुमच्या भावानं फर्निचर न्यायला सांगितलंय." त्यानं खुर्चीच्या बुडाला बोट लावलं. "इथं इमोजीन लिहिलंय. त्यावर रॉइस. त्यावर पुन्हा इमोजीन. अशा खुर्च्या आहेत तरी किती?"

"एकच."

"आणि मालक?"

"वर झोपलेत. अजून आहेत ते."

त्यानं टोपी काढली.

मिसिसिपीच्या त्या गावात ही रीतच होती. म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं, की मुलं भेटायला येत, उशा नीट करत, आणि जाताना आवडलेल्या वस्तूच्या बुडाला आपल्या नावाची चिकटपट्टी लावून जात. इतर घरांत एका वस्तूला एकच नाव असे. या घरात नावावर नाव चढत गेलं होतं. थोरला रॉइस आणि मधली इमोजीन एकमेकांशी आता फक्त पट्ट्यांमधूनच बोलत.

"तुमचं नाव कशाखाली आहे?" त्यानं विचारलं.

"कशाखालीच नाही. मी नाटकात प्रॉम्प्टर आहे. विंगेत बसून दुसऱ्यांची वाक्यं सांगते." आणि मग कसं कोण जाणे, तिच्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या बुडाला कुणाचं आहे?"

हॉलिसचे कान लाल झाले. त्यानं एक पाय वर केला, बुटाचा तळवा गंभीरपणे तपासला.

"अजून कुणी लावलेलं दिसत नाही."

*

(उजवी विंग. एक स्टूल. स्टुलावर वर्लीन, मांडीवर संहिता.)

नाटक होतं एका कापूसवाल्या घराण्याचं. बाप मरायला टेकलाय आणि भावंडं मृत्युपत्र लपवतायत. रॉइसनं फर्निचर आनंदानं दिलं, कारण कार्यक्रमपत्रिकेत घराण्याचे आभार छापून येणार होते. नाटक कुणावर आहे, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

स्टूल हॉलिसनं केलं होतं. आधीचं डगमगायचं.

"बसून बघा."

"छान आहे."

"नीट बसून बघा. तुम्ही नेहमी काठावर बसता, जशी काही कुणी हाक मारणारच आहे."

"मारतंच कुणीतरी. डॅडी उठले की—"

"आत्ता झोपलेत. तुम्हीच सांगितलंत."

ती मागे सरून बसली. ऑगस्टचा उकाडा, अंत्यविधीवाल्या दुकानानं जाहिरातीसाठी वाटलेला पुठ्ठ्याचा पंखा घेऊन तो तिला वारा घालू लागला. त्याच्या मनगटावर लाकडाचा भुसा होता. तो उडून तिच्या ओठावर बसला. तिनं पुसला नाही.

"शनिवारी शेवटचा प्रयोग," तो म्हणाला. "सोमवारी मी मोबीलला निघतो. तिथं बोटी बांधतात. तू—"

(विराम.)

पहिल्यांदाच 'तू' आलं होतं. दोघांनीही ते ऐकलं.

"मला वाक्य आठवत नाहीये," हॉलिस म्हणाला. "सांग ना. प्रॉम्प्टर आहेस."

"हे या संहितेत नाही," ती म्हणाली. "आणि डॅडी आहेत तोवर मी कुठं जाणार?"

*

दुसऱ्या अंकात खुर्ची उलटते. पहिल्या रांगेतून पट्ट्या दिसतात, म्हणून हॉलिसनं शुक्रवारी सगळ्या फर्निचरच्या पट्ट्या सोलून काढल्या. नीट, रॉकेल लावून. परगावचा माणूस. त्याला वाटलं, कचरा आहे.

शनिवार, दुपारचा प्रयोग. इमोजीननं डॅडींजवळ बसायचं कबूल केलं होतं. "जा गं, तुझं ते नाटक कर. बाप माझाही आहे."

(तिसरा अंक. रंगमंचावरचा बाप खुर्चीत. प्रेक्षागृहाचं मागचं दार उघडतं. प्रवेश: इमोजीन. ती या वेळी वरच्या खोलीत असायला हवी.)

गावात बातमी फुटली होती. इमोजीन थेट पहिल्या रांगेत, रॉइसच्या कानाशी.

"पट्ट्या काढल्यात. सगळ्या."

"तूच काढायला लावल्यास."

"मी? माझी तर वरची होती."

"खाली माझीही होती, इमोजीन."

रंगमंचावरचा बाप थबकला. त्याचं वाक्य होतं: पाणी द्या. वर्लीननं ते कुजबुजायचं होतं. तिनं इमोजीनकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. संहिता खाली ठेवली आणि ती पळाली.

चार गल्ल्या. जिना. पाण्याचा पेला कलंडलेला होता, गालिचा ओला होता. डॅडींचा हात पेल्याच्या दिशेनं लांबलेला, तसाच राहिला होता.

*

सोमवारी दफन झालं. शेजाऱ्यांनी आणलेलं हॅम आणि पेकनची गोड पाई मागच्या ओसरीत माशा गोळा करत होती. बैठकीत परत आलेलं फर्निचर, आणि त्याभोवती काळ्या कपड्यांत रॉइस आणि इमोजीन.

"त्या सुताराला बोलाव. कुठल्या वस्तूखाली कुणाचं वर होतं, त्याला शपथेवर सांगू दे."

"आधी चर्चमधून शपथ घेऊन येऊ दे. तू त्याला पैसे चारले असशील."

हॉलिस ओसरीच्या पायरीवर बसला होता. ट्रक बाहेर उभा होता. वर्लीन येऊन शेजारी बसली.

"मी पट्ट्या काढल्या नसत्या तर इमोजीन उठून आली नसती," तो म्हणाला. "मला तोंडही दाखवू नकोस, असं तू म्हणालीस तरी..."

"ती दुसऱ्या कशासाठी तरी उठली असती. चांदीच्या चमच्यांसाठी." तिचा आवाज कोरडा होता. "मी त्यांच्याजवळून उठून नाटकाला गेले नसते, तर डॅडींना पाणी मिळालं असतं. मला त्याच दिवशी तुझ्याजवळ बसायचं होतं. हे आपण दोघंही विसरणार नाही, हॉलिस."

"नाही विसरणार."

त्यानं खिशातून कागद काढला. त्यावर एकच जुनी, पिवळी पट्टी होती.

"खुर्चीची. सगळ्यांत खालची. ही फेकवली नाही."

डॅडींचं अक्षर. थरथरायला लागायच्या आधीचं, ताठ. *वर्लीन.*

आत रॉइस ओरडला, "पुरावा असेल तर आणा कुणीतरी."

वर्लीननं पट्टी घडी न करता प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली आणि पुस्तक मिटलं. मग स्वयंपाकघरात गेली. फडताळात इमोजीनचं चिकटपट्टीचं रीळ होतं, पेनही. परत आली तेव्हा तिच्या बोटावर एक तुकडा चिकटलेला होता.

"पाय वर कर."

"काय?"

"बूट. वर कर."

तिनं तळव्यावरची माती काळ्या झग्याच्या टोकानंच पुसली, आणि पट्टी अंगठ्यानं दाबून बसवली. स्वतःच्या हातानं लिहिलेलं स्वतःचं नाव. असं तिनं कशावरच कधी लिहिलं नव्हतं.

"चालून झिजेल ती," हॉलिस हळूच म्हणाला.

"रीळ घेतलंय बरोबर."

आत काहीतरी मोडलं. बहुधा खुर्चीचा पाय. ती वळली नाही. ट्रकच्या दाराशी गेली, आणि या वेळी आसनाच्या काठावर नाही, नीट मागे सरून बसली.