संदर्भरेषा

नोंद जतन झाल्याची हिरवी खूण पडद्यावर उमटली, की चार दशांश सेकंदात मेंदूतल्या ताणाचा आलेख खाली येत असे. काम पुरं झाल्यावर येतो तसाच, त्याच उताराने. डॉ. शर्वाणी हुद्दार यांनी हा उतार दोनशे बारा स्वयंसेवकांच्या कपाळपट्ट्यांवरून मोजला होता, आणि त्या दोनशे बारांपैकी एकाबद्दलही त्यांच्या मनात आदर उरला नव्हता.

"हे छत्तीस नंबर," त्या म्हणाल्या. "गृहस्थांना गच्चीची गळती थांबवायची आहे. त्यांनी कामाला नाव दिलं, रंग दिला, तारीख दिली, 'घर' नावाच्या कप्प्यात टाकलं आणि त्या कप्प्यासाठी कौलारू घराचं चित्र शोधलं. अठ्ठेचाळीस मिनिटं. आलेख खाली, गृहस्थ खूश. गच्ची गळतेच आहे."

संचालक डॉ. प्रभंजन घारपुरे मोठ्याने हसले. नागपूरच्या या मेंदूविज्ञान संस्थेकडे सरकारने एक काम सोपवलं होतं. सगळ्या कर्मचाऱ्यांच्या फोनमध्ये घालण्यासाठी चार नियोजन-ॲपांतून एक निवडायचं होतं. अहवाल शुक्रवारी जायचा होता.

"मंत्रालयाला सोप्या भाषेत काय सांगू?"

"अपुरं काम मेंदूला टोचत राहतं. तो अपूर्तीताण. त्या टोचणीनेच माणूस उठतो आणि काम करतो. पण तेच काम भरवशाच्या जागी नोंदवलं, की मेंदू ते तिकडे सोपवून मोकळा होतो. भारसंक्रमण. ॲप जितकं चांगलं, तितका भरवसा पक्का आणि टोचणी कमी."

"म्हणजे सगळ्यांत उत्तम ॲप—"

"सगळ्यांत निकामी माणूस घडवतं."

"सरकारी कचेरीत त्यासाठी वेगळं ॲप कशाला हवं, बाई?"

शर्वाणी हसल्या नाहीत. त्यांच्या फोनवर 'वही' उघडली होती. हे साधं, पांढऱ्या पानाचं ॲप त्या नऊ वर्षं वापरत होत्या. रंग नाही, चित्रं नाहीत, एकही नोंद कधी हरवलेली नाही. आजच्या दहा कामांतलं नववं होतं, 'दादाला सांगणे'. त्यांनी ते पुढच्या बुधवारवर नेलं. असं करण्याची ही चौतिसावी वेळ होती.

श्रीनिवासदादा वर्ध्याला असे. दीड वर्षापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. शर्वाणींची किडनी त्याला जुळते, हे आठ महिन्यांपूर्वी कळलं. तेव्हा तो म्हणाला होता, "तू तुझ्या मनाने ठरव. तुझं उत्तर येईपर्यंत मी सरकारी किडनीच्या प्रतीक्षायादीत नाव घालत नाही. घरात मिळणार असेल तर दुसऱ्या कुणाची जागा कशाला अडवू?" शर्वाणींचं अकराव्या दिवशी ठरलं. फक्त सांगायचं राहिलं होतं.

"माझा आलेख दाखवा ना," घारपुरे म्हणाले.

त्यांनी दाखवला. तो करवतीच्या दातांसारखा होता. नाव झाकून त्या तो विद्यार्थ्यांना वाईट नमुना म्हणून दाखवत. घारपुऱ्यांच्या फोनमध्ये चौदा ॲपं होती, आणि प्रत्येक नवं ॲप आलं की ते सोमवारची बैठक त्याच्या कौतुकात घालवत.

"तुमचा ताण नोंदवल्यावरही उतरत नाही."

"उतरेल कसा? कशात काय ठेवलं तेच सापडत नाही. लिहिलं तरी धाकधूक राहतेच. मग करून टाकतो."

हे खरं होतं. संस्थेचं नवं छप्पर, दोन पदांची मंजुरी, बंद पडलेली लिफ्ट, सगळं या अस्ताव्यस्त माणसाने केलं होतं. शर्वाणींना ते आवडलं नाही.

"आणि ही तळाची सपाट रेघ कोणाची?"

"ती संदर्भरेषा. शून्य. सगळे ताण तिथून वर मोजायचे."

"शून्य म्हणजे यंत्र बंद?"

"नाही. शून्याला अपुरं काम नसलेला जिवंत मेंदू लागतो. रोज सकाळी यंत्र जुळवताना पट्टी मी लावते. माझं काही बाकी राहत नाही."

घारपुऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "काम झाल्यावरचा उतार आणि नोंदवल्यावरचा उतार यंत्राला वेगळा ओळखता येतो?"

"नाही. म्हणून तर—"

"तुमच्या वहीवर तुमचा भरवसा किती?"

"पूर्ण," त्या म्हणाल्या, आणि तो शब्द उच्चारतानाच त्यांना तो ऐकू आला.

"मग बाई, तुमची रेघ सपाट आहे ती काही बाकी नाही म्हणून, की सगळं सोपवलंय म्हणून?"

"वाट्टेल ते बोलू नका, सर."

"पट्टी लावा. वही बंद करून बघू."

त्यांचं तोंड बंद करावं एवढ्यासाठीच शर्वाणींनी पट्टी बांधली आणि फोन पुढे केला. घारपुऱ्यांनी जाड बोटांनी तीनचार ठिकाणी दाबलं. पडद्यावर काहीतरी विचारलं गेलं. त्यांनी न वाचता 'हो' म्हटलं.

"हे काय केलंत?"

"बंद केलं. की पुसलं? आता मला नक्की नाही सांगता येत."

सातव्या मिनिटाला रेघ हलली. मग ती चढू लागली. गच्चीवाल्या गृहस्थांना तिने ओलांडलं, मग दोनशे बारांतल्या प्रत्येकाला. संगणकाला मोजपट्टी दोनदा बदलावी लागली. उरलेली नऊ कामं शर्वाणींना धड आठवतही नव्हती. एकच आठवत होतं. वर्षभराची मोजमापं चुकीच्या शून्यावरून घेतली होती, हे त्यांना कळलं आणि त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. चौतीस आठवडे दादा यादीबाहेर बसला होता. यादी दर आठवड्याला पुढे सरकत होती, त्याच्याशिवाय. आणि त्या शांत झोपल्या होत्या.

त्यांचा हात आपोआप फोनकडे गेला. आज संध्याकाळची वेळ नोंदवून ठेवावी म्हणून.

"माझ्या ॲपात लिहून ठेवू का?" घारपुऱ्यांनी हळूच विचारलं. "चौदा आहेत."

"नको. थांबा इथेच."

त्यांनी वर्ध्याला फोन लावला.

"शरू? बुधवारी कशी आठवण झाली गं?" दादाच्या मागे यंत्राची घरघर होती. "मशीनवर आहे मी. डावा हात अडकलाय. बोल, उजवा मोकळाच आहे. तुमच्याकडे ऊन काय म्हणतं?"

उन्हाबद्दल बोलता आलं असतं. पडद्यावरची रेघ अजून वरच होती.

"दादा," शर्वाणी म्हणाल्या, "मी किडनी देणार नाही. माझं आठ महिन्यांपूर्वीच ठरलं होतं. तू आजच यादीत नाव घाल."