मास्तरांचे दोन ठोके

आमच्या वन्संचा घसा बसला की घर कसं शांत असतं. पण त्या दुपारी आम्हा नणंद-भावजयीला तपास करायचा होता, आणि तपासासाठी वन्सं गप्प बसायलाही तयार होत्या.

शेजारचे मास्तर जिन्यावरून पडून वारले होते. निवृत्त कवायत-शिक्षक. गल्लीतल्या आम्हा बायकांना ते अंगणात व्यायाम शिकवायचे, पण बोलायचे नाहीत. काठीचा एक ठोका म्हणजे चुकलं, दोन म्हणजे बरोबर. मला मेलीला दोन ठोके कधी मिळाले नाहीत.

गल्लीने ठरवूनच टाकलं होतं, त्यांच्या सुनेनं ढकललं. 'मी परसात कपडे वाळत घालत होते,' असं ती सांगून सांगून दमली. दुसऱ्या दिवशी तिला चौकीवर बोलावलं होतं. पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं, आणि मला ते बघवत नव्हतं. माझी सगळी नोकरी प्रयोगशाळेत रक्त तपासण्यात गेली. तपासल्याशिवाय मी दुधालाही नासकं म्हणत नाही.

मास्तरांच्या जिन्यापाशी उभी राहून मी वन्संना म्हटलं, "मास्तर पडले होते तशी मी झोपते. त्यांना आधी तुम्हीच पाहिलंत ना? मग वरून बघा आणि त्यांच्यासारखे ठोके द्या. घशाला त्रास नको."

वन्संनी मान डोलावली आणि चष्मा आणायला घरी गेल्या. मला कुठला धीर. मी भिंतीकडे तोंड करून आडवी झाले. फरशी गार होती, बरं वाटलं. थोड्या वेळाने पावलं माझ्या डोक्याजवळून वर गेली.

"हात असा होता?"

एक ठोका.

हात पायरीवर ठेवला. एक. आणखी वरच्या पायरीवर नेला. एक. मग तिच्या फटीत बोटं सारली.

दोन ठोके.

बोटांना खिळा लागला. खिळ्याला अडकलेला चपलेचा पट्टा. मास्तरांची चप्पल तुटकी सापडली होती, आणि झटापटीत तुटली असं लोक म्हणत होते.

"सापडलं हो, वन्सं."

"काय सापडलं?"

घोगरा आवाज दारातून आला. वन्सं उंबऱ्यावर होत्या, नाकावर चष्मा, हातात छत्री. "थांबायचंस की गं. ठोकायला काही नको? काठी तर पोलिसांनी नेलीय."

मी वर पाहिलं नाही.

फौजदार आले, खिळा पाहिला, पट्टा चपलेला जुळवला आणि सुनेला म्हणाले, "उद्या यायची गरज नाही." ती मटकन खाली बसून रडली. वन्संनी तिला पोटाशी धरलं.

संध्याकाळी आम्ही तिघी मास्तरांच्या अंगणात चहा घेत बसलो. पोर कितीतरी दिवसांनी हसत होती. मला इतकं समाधान वाटत होतं, की खुर्चीत पोक काढून सैलावले.

वरच्या बंद खोलीतून एक ठोका आला.

तिघींनीही पाठ ताठ केली.